काळा कोट

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे," असं म्हणणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा पैशांचाच असतो. आमचे नाना त्याला अपवाद. त्यांचा प्रश्न खरोखरच तत्त्वाचा असतो आणि म्हणूनच तो सुटत नाही. पैशांचा असता तर आम्ही शेजाऱ्यांनी वर्गणी काढून कधीच मिटवला असता.

नाना तसे एकटे नव्हेत. जगात जिथे म्हणून तीन मराठी घरं असतील, तिथे त्यातल्या एका घरात नाना असतातच. हॉटेलात बिल आलं की बाकीच्यांचा हात पाकिटाकडे जातो, नानांचा चष्म्याकडे. लंडनमधल्या बिलांच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. नाना ते वेटरला मोठ्यानं वाचून दाखवतात, रक्कम खोडायला लावतात, आणि निघताना त्याच वेटरच्या हातात त्याहून मोठी नोट कोंबतात. काकू तेवढ्या वेळात कोट घालून दारात उभ्या असतात. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हॉटेलातल्या पडद्यांचा चांगलाच अभ्यास केला आहे.

नाना राहतात लंडनच्या वायव्येला, स्टॅनमोरला. ज्युबिली लाइनचं हे शेवटचं स्टेशन. घर घेताना लोक बाग बघतात, शाळा बघतात. नानांनी गाडी सुटते कुठून ते बघितलं. डोंबिवलीत असताना बसायला जागा मिळावी म्हणून सकाळी आधी उलटं कल्याणला जावं लागे. इथे गाडी रिकामी उभी असते, दारं उघडी असतात आणि खिडकीजवळची जागा वाट बघत असते. पहिल्या दिवशी नानांनी सवयीनं रुमाल टाकून जागा धरली होती म्हणे. डब्यात दुसरं कुणीही नव्हतं.

पास हा नानांचा देव्हारा. डोंबिवलीत तीन महिन्यांचा पास ज्या प्लास्टिकच्या पाकिटात असायचा, ते पिवळं पडलेलं पाकीट त्यांनी लंडनला आणलं. आत सिद्धिविनायकाचा फोटो. २००३ साली इथे ऑयस्टर कार्ड आलं आणि ते त्या पाकिटात अलगद बसलं, तेव्हा नानांना या देशात आपण आता रुळलो असं पहिल्यांदा वाटलं. ते पास काढतात तोही वर्षाचा. वर्षाच्या पासाला चाळीस आठवड्यांचे पैसे पडतात आणि प्रवास बावन्न आठवडे करता येतो. "बारा आठवडे फुकट!" हे नाना अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला ते बारा आठवडे नुसते गाडीतच बसून काढावेत असं वाटावं.

तर असा हा माणूस गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी पास घरी विसरला.

दोष द्यायचाच तर संक्रांतीला द्यावा लागेल. नानांचा रोजचा कोट तपकिरी, पास त्याच्या आतल्या खिशात. पण संक्रांतीच्या कार्यक्रमाला जायचं म्हणून काकूंनी कपाटातून काळा कोट काढला. दारात त्यांनी विचारलंसुद्धा, "सगळं घेतलंत ना?" नाना म्हणाले, "माझं मी बघतो." हा संवाद पुढे नानांच्या कुठल्याही कागदपत्रात आलेला नाही.

आम्ही तिघं निघालो डॉलिस हिलला, महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत. नानांच्या दोन्ही हातांत तिळगुळाच्या डब्यांच्या पिशव्या. स्टेशनातलं रुंद फाटक उघडंच होतं. मी माझं कार्ड यंत्राला लावलं, काकूंनी लावलं, आणि नाना पिशव्या सांभाळत आमच्यामागून थेट पायऱ्या उतरले.

गाडीत नाना खुशीत होते. "लंडनचं मंडळ स्थापन झालं १९३२ साली," ते सांगू लागले, "आणि स्टॅनमोरपर्यंत ही रेल्वे आली तीही १९३२ सालीच, दहा डिसेंबरला. म्हणजे बघ, जुळी भावंडं! त्यांनी रूळ टाकले ते आपल्यासाठीच." कॅनन्स पार्क गेलं, क्वीन्सबरी गेलं. किंग्जबरीला एक तरुण मुलगी डब्यात चढली. हातात छोटंसं यंत्र. नानांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण तिच्या अंगात काळा कोट नव्हता. काळ्या कोटावाचून टीसी असतो हे पंचवीस वर्षं इथे राहूनही त्यांना पटलेलं नाही. त्या डब्यात काळा कोट एकच होता आणि तो नानांच्या अंगात होता.

तिनं पास मागितला. मग खिसे चाचपण्याचा विधी सुरू झाला. आधी डावा, मग उजवा, मग आतला, मग पुन्हा डावा. मधल्या काळात पास तिथे येऊन बसला असेल या आशेनं. वेम्बली पार्क आलं तरी विधी चालूच. आतल्या खिशातून गेल्या संक्रांतीचा एक हलवा निघाला. नाना थोडे पांढरे पडले. मग त्यांनी एकदम डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. "तिळगूळ," ते इंग्रजीत म्हणाले, "टेक अँड स्पीक स्वीट." ती दोन पावलं मागे सरली. ड्युटीवर असताना काही घेता येत नाही, असं तिनं गोडच सांगितलं. म्हणजे अर्धा विधी तरी पार पडला.

काकूंनी घरी मुलीला फोन लावला. नीसडनपर्यंत फोटो आला: खुंटीवर तपकिरी कोट, त्यातून डोकावणारं पिवळं पाकीट, पाकिटातून डोकावणारा सिद्धिविनायक. यंत्रवाल्या मुलीनं फोटो मन लावून पाहिला, "छान आहे," म्हणाली, आणि फोटो म्हणजे पास नव्हे हेही म्हणाली. दंड शंभर पौंड. एकवीस दिवसांत भरला तर पन्नास.

"पन्नास भरा आणि मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

मुंबईत विनातिकीट सापडलं तर भाड्यावर किमान अडीचशे रुपये दंड. पन्नास पौंडांत डोंबिवली ते सीएसएमटीचा सेकंड क्लासचा वर्षाचा पास येईल, असा हिशेब नानांनी डॉलिस हिलच्या फलाटावर मांडला. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्या मुलीनं कागदावर जे लिहिलं होतं, त्यात 'विदाउट' हा शब्द होता. डोंबिवलीच्या पोराला हा शब्द इंग्रजी वाटत नाही. विदाउट म्हणजे फलाटाच्या टोकाला, काळ्या कोटाशेजारी, मान खाली घालून ओळीत उभी केलेली माणसं. आणि पुलावरून जाणारं अख्खं गाव. "आयुष्यात कधी विदाउट गेलो नाही," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तिळगुळाला हात लावला नाही.

स्टॅनमोरच्या टेकडीवर बेंटली प्रायरी नावाचा वाडा आहे. १९४० साली ब्रिटनच्या आकाशातली लढाई तिथल्या भूमिगत कक्षातून लढवली गेली. त्यानंतर स्टॅनमोरमधून लढवलं गेलेलं मोठं युद्ध म्हणजे नानांचं अपील. जेवणाच्या टेबलावरून जेवण हद्दपार झालं. तिथे वर्षभराच्या प्रवासाचे छापील तक्ते, नियमावली, तीन रंगांची हायलायटर पेनं आणि एक पंचिंग मशीन आलं. काळा कोट खुर्चीच्या पाठीवर कायमचा लटकला. आता तो वकिलाचा कोट होता.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," काकू म्हणाल्या.

"स्टॅनमोर स्टेशनच्या पायऱ्या रोज चढतो," नाना म्हणाले, "त्यापुढे कोर्टाची काय घेऊन बसलीस!" यात मात्र तथ्य आहे. हे स्टेशन खड्ड्यात आणि रस्ता माथ्यावर. संध्याकाळी वर पोचेपर्यंत भल्याभल्यांची तत्त्वं गळून पडतात.

अपिलाचा मसुदा ऐकायला मला तीनदा बोलावणं आलं. मुद्दा पहिला: प्रवासाचा हक्क आणि हक्काचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी. जन्माचा दाखला घरी राहिला म्हणून माणूस जन्मलाच नाही असं होतं का? मुद्दा दुसरा: आम्ही रेल्वेला नवखे नाही. तुमची भुयारी रेल्वे सुरू झाली १० जानेवारी १८६३ रोजी. आमची बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे तुमच्या पावणेदहा वर्षं आधी. मुद्दा तिसरा मला सगळ्यात आवडला. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली १९७७ साली. त्या ज्युबिलीचं नाव मिरवणारी ही लाइन सुरू झाली १ मे १९७९ला. "जी लाइन स्वतःच्या बारशाला दोन वर्षं उशिरा पोचली, तिनं एका पासाच्या विलंबाबद्दल दंड मागावा हे शोभत नाही," असं वाक्य होतं. मी ते इंग्रजीत कसं झालंय ते विचारलं नाही.

मुलगी सॉलिसिटर आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पास विसरलो हे कारण एकदा मान्य केलं की एका पासावर अख्खं घर फिरेल. पास एकाच्या खिशात आणि 'माझा पास घरी आहे' म्हणणारे चार."

"असं कोण करतं?" नाना उसळले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "सांगा की, तुमच्या पासावर तुम्ही तिघं भाऊ कसे जायचात ते. पासावरचं वय जुळावं म्हणून धाकट्या भाऊजींनी मिशा वाढवल्या होत्या ना?"

टेबलावर शांतता पसरली. नानांनी पंचिंग मशीन उघडलं, त्यातले कागदाचे गोल टिकले तळहातावर घेतले आणि बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "तेव्हा पास बरोबर असायचा. विदाउट कुणीच नव्हतं." आणि अपील विसाव्या दिवशी, रजिस्टर्ड पोस्टानं, सात पानी, रवाना झालं.

उत्तर आलं महिन्याभरानं. चार ओळी. आपली गैरसोय झाली याचं वाईट वाटतं. आपल्याकडे वैध पास होता हे आम्ही तपासलं आहे. या एका वेळी, अपवाद म्हणून, सद्भावनेनं दंड रद्द करत आहोत. काकूंनी पुरणपोळीचा बेत केला. मीही पेढे घेऊन गेलो. नाना दिवाणखान्यात काळोख करून बसले होते.

"अपवाद म्हणून," ते म्हणाले. "सद्भावनेनं. म्हणजे मी चूक होतो, पण त्यांनी उदार मनानं सोडलं. मी न्याय मागितला आणि यांनी दया दिली!" त्याच रात्री त्यांनी दुसरं पत्र लिहिलं: दंड रद्द केल्याच्या निर्णयाविरुद्ध. दंड रद्द व्हावा हे मान्य, पण कारण अमान्य. कारण बदलून मिळावं. रेल्वेकडून तीन ओळी आल्या. नानांनी पाच पानं पाठवली. मग दोन ओळी आल्या. मग एक आली, की हे प्रकरण मिटलं आहे. जिंकलेला खटला हरेपर्यंत लढणारा मी पाहिलेला हा एकमेव पक्षकार.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही पुन्हा निघालो. काकू सकाळीच पुढे गेल्या होत्या, त्यांच्याकडे हळदीकुंकवाची तयारी होती. नाना आणि मी दोघंच. नानांच्या अंगात काळा कोट. फाटकाशी नानांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं, आतल्या खिशात हात घातला आणि ते पिवळं पाकीट ऐटीत बाहेर काढलं. पाकिटात सिद्धिविनायक होता. त्याच्यामागे नीट चौघडी करून ठेवलेलं दंडमाफीचं पत्र होतं. पत्राला जागा व्हावी म्हणून बाहेर काढलेला पास तपकिरी कोटाच्या खिशात होता आणि कोट खुंटीवर.

मी श्वास रोखला. दहा पावलांवर स्टेशनचा कर्मचारी उभा होता, पण तो आमच्याकडे बघतही नव्हता. नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मागच्या खिशातून बँकेचं कार्ड काढलं आणि यंत्राला लावलं. टुंग आवाज झाला, फाटक उघडलं, भाडं वळतं झालं. वर्षाचा पास असताना! एक अवाक्षर न काढता नाना पायऱ्या उतरू लागले.

खाली गाडीत खिडकीशी बसल्यावर मला राहवलं नाही. "नाना, एवढंच गेल्या वर्षी केलं असतं तर? आणि आता तत्त्वाचं काय?"

नानांनी काळ्या कोटाची बटणं लावली, तिळगुळाचा डबा मांडीवर नीट ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"आज कुणी पैसे मागितले नव्हते ना."