काळ्या बाहुलीचा हप्ता

मिल्टन कीन्स
पोळा दोन दिवसांवर

ती. आई आणि ती. बाबा,

परवाचा फोन मी नाही कापला, चिनूने कापला. "काहून वं, जपानची गाडी घेतली अन् तिले विमाच कोणी देऊन नाही राहिलं म्हणे?" एवढं ऐकू आलं आणि पुढचं राहिलं. बातमी दादाने फोडली हे उघड आहे. मी त्याला एकट्यालाच सांगितलं होतं, तेही कोणाला सांगू नको म्हणून. तुमच्या आधी सौंसरच्या सासूबाईंचा फोन येऊन गेला, म्हणजे बातमी पांढुर्ण्याहून निघून, सौंसरला चहा पिऊन, मग तुमच्या घरी परतली. बाबांना व्हॉट्सॲपवर लांबलचक वाचवत नाही, म्हणून कागदावर लिहिते. कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की उठावं लागेल.

गाडी चोरीची नाही आणि ठोकलेलीही नाही. टोयोटाची अल्फार्ड, 2010 ची, पेट्रोलवरची. कंपनीने ही इंग्लंडात कधी विकलीच नाही. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून लोक तिकडून जुन्या गाड्या आणतात. इथे तिला ग्रे इम्पोर्ट म्हणतात. आणणाऱ्या डीलरने सरकारी कागद चोख केले: गाडी आल्यावर 14 दिवसांच्या आत करखात्याला कळवलं, मागे धुक्यातला लाल दिवा बसवला, किलोमीटरचा काटा मैलांत बदलून दिला. दहा वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे मोठी तपासणी टळली, नेहमीच्या एमओटीवर भागलं. रेडिओ तेवढा जपानीच राहिला. त्याचा एफएम 76 वर सुरू होतो आणि 90 ला संपतो, त्यामुळे आम्हाला बीबीसीचं रेडिओ टू सोडून काही लागत नाही. तुमचे जावई आता इंग्रजांची जुनी गाणी तोंडपाठ म्हणतात. सहन करून राहिले आम्ही.

आता विमा. इथे गाडीचा नंबर टाकला की कॉम्प्युटर मॉडेल ओळखतो आणि किंमत सांगतो. आमचा नंबर टाकला की गप्प बसतो. दोन-चार कंपन्यांनी फोनवर गोड आवाजात नाही म्हटलं. शेवटी अशाच बाहेरून आणलेल्या आणि फेरफार केलेल्या गाड्यांचा विमा करणारा एक दलाल सापडला. त्याचे प्रश्न म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्या मोठीआईचे प्रश्न, बाप्पा! रात्री गाडी कुठे असते? नवरा काय करतो? बायको काय करते? घरात आणखी कोण चालवतं? आणि मग मुख्य प्रश्न: गाडीत मूळच्यापेक्षा वेगळं काय काय आहे, एकूण एक सांगा.

त्याच दिवशी दुपारी तुझं पार्सल आलं, आई. सांडगे पोचले, तिखट पोचलं, पिशवी फुटली नाही. चिंध्यांची काळी बाहुली पोचली, प्लास्टिकचं लिंबू-मिरची पोचलं. आणि जामसावळीच्या मारुतीचा तो स्टिकर! आई, तो मागच्या काचेएवढा आहे. बोलेरोच्या मापाने घेतलास का?

मी फोन हातात धरूनच पार्सल फोडत होते. दलालाकडचा पोरगा म्हणाला, स्टिकर असेल तर तोही फेरफारात धरतो, लिहून द्या. मी म्हटलं, देवाचा आहे. तो म्हणाला, कोणाचा का असेना, केवढा आहे ते सांगा. बाहुलीचं सांगितलं तर विचारतो, त्याने गाडीच्या वेगात काही फरक पडतो का? मी म्हटलं, वेगात नाही, पण माझ्या आईच्या मते अपघात टळतात. मग चोरी रोखणाऱ्या साधनांच्या रकान्यात अलार्म आणि ट्रॅकरच्या खाली बाहुली लिहा आणि हप्ता कमी करा. पोरगं बिचारं खरंच साहेबाला विचारून आलं. नाही म्हणाले.

हसू नका, इथे लपवलेलं महागात पडतं. 2012 चा कायदा आहे: विचारलेलं नीट सांगायचं. निष्काळजीपणाने काही सांगायचं राहिलं आणि त्यापायी हप्ता अर्धाच भरला गेला, तर नुकसानही अर्धंच भरून देऊ शकतात. म्हणून दिवा लिहिला, काटा लिहिला, स्टिकर लिहिला.

आणि सीट लिहिली. सीटचं दादालाही सांगितलं नव्हतं. या गाडीची मधल्या रांगेतली डावीकडची सीट बटण दाबलं की वळते, दारातून बाहेर येते आणि फुटपाथजवळ खाली उतरते. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी टोयोटा कारखान्यातूनच अशी सीट बसवून देते. त्या पोराला ते कळेना. कारखान्यातून आली तर फेरफार नाही, पण इथल्या कुठल्याच यादीत अशी सीट नाही, मग लिहायचं काय? शेवटी त्याने विचारलं, घरात कोणी अपंग आहे का. मी म्हटलं, नाही हो, आईचे गुडघे आहेत. "गाडीत चढायचं म्हणजे मले नाही जमत" हे कारण तू गेल्या वर्षी दिलंस, त्याच्या आधीही दिलंस. आता चढायचं नाही, नुसतं बसायचं. यंदा दुसरं कारण शोध.

(कुकर झाला. वरण उतू गेलं, ओटा पुसून आले.)

हप्ता सांगते, बाबांना आधी खुर्चीवर बसव. वर्षाला 1,380 पाउंड, त्यात सरकारचा 12 टक्के कर धरून. रुपयांत दीड लाखाच्या आसपास. बाबा, तुमच्या बोलेरोचा थर्ड पार्टीचा दर 3,416 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, आणि तेवढ्यासाठी तुम्ही एजंटला अर्धा तास उभा करून ठेवता. त्याला एकदा इकडे पाठवा, कर आमचा कमी आहे एवढं ऐकून तरी खूश होईल. शिवाय काच फुटली तर पहिली काही रक्कम आपली. हे तो पोरगा मला फार सावकाश समजावून सांगत होता. पांढुर्ण्याच्या पोरीला काच फुटणं समजावतोय! गोटमारीला दगड उडतात तेव्हा गाडी कुठे लावता, हा प्रश्न मात्र त्यांच्या फॉर्ममध्ये नाही.

गोटमारीवरून आठवलं. दादाला नदीकडे जाऊ देऊ नका. झेंड्याचा पळस सावरगाववाल्यांनी राखला काय अन् आपल्यांनी आणला काय, शेवटी जातो चंडीमातेच्याच देवळात. वहिनी, त्याचे बूट लपवून ठेव.

आणि पिंट्याच्या थारचा फोटो पाहिला. चाकं ट्रॅक्टरची वाटतात. वर दिव्यांची पट्टी, मागे शिडी, आणि सायलेन्सरचा आवाज म्हणे मोहगावपर्यंत जातो. त्याला सांगा, आत्याकडे आता या विषयातला अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येच सांगितलंय की कंपनीने ठरवून दिलेल्या मापाबाहेर गाडीत बदल चालणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तेच म्हणतं, आणि दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये आहे. त्याचे बदल मोजायला माझी बोटं पुरली नाहीत. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेल्या गोष्टी क्लेमच्या वेळी बरोबर आठवतात तिला. मामाजींच्या जीपचा गॅसकिट बघा: आरसी बुकात नोंद, पॉलिसीत नोंद, थर्ड पार्टीचे साठ रुपये जास्त आणि किटच्या किमतीवर चार टक्के. मामाजींना आपण आयुष्यभर चिक्कू म्हटलं, पण कागद त्यांचेच सरळ.

वहिनी लिहिते, जिल्हा झाल्यापासून बाबा केस रंगवायला लागले. 2023 च्या ऑक्टोबरात जिल्हा झाला, केस आता रंगवताय? जिल्ह्याच्या ठिकाणाचा माणूस दिसायला हवा, हे पटलं. मिशीसुद्धा रंगवा मग, फोटोत दोन वेगळी माणसं दिसतात. संत्र्याचा यंदाचा भाव मला कोणीच कळवला नाही. बाकी सगळं कळवता. म्हणजे पडला असणार. मोठेबाबांनी मृगाचा बहार धरला की आंबिया, तेही लिहा.

पोळ्याचं काय करणार, असं तू विचारलंस. या गावात बैल नाही. काँक्रीटच्या गायी आहेत, 1978 साली कोणा शिल्पकार बाईने केलेल्या, आणि गावाला त्यांचा फार अभिमान. पण त्यांच्यापुढे झडत्या कोण म्हणणार? पार्सलच्या तळाशी लाकडी नंदी निघाला. आई, तो माझाच आहे ना? एक शिंग पिंट्याने मोडलं होतं, तोच. मी कापडात गुंडाळलेला तसाच बराच वेळ धरून बसले आणि ओवीने विचारलं, तू रडते का? मी म्हटलं, तिखटाची पिशवी उघडली ना. पिशवी तर शिवलेलीच होती. तान्ह्या पोळ्याला चिनू आणि ओवी दोघं शेजारच्या घरी नंदी ओढत जाणार आहेत. शेजारचे आजोबा इंग्रज आहेत, पण पोरांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं हे मी त्यांना बजावून आले. पुरणाला डाळ काढून ठेवली आहे. वेलदोडे संपलेत, जायफळावर निभावते.

आता बाबा, तुमचं. दादा म्हणाला, तुम्ही विचारत होता की आल्यावर गाडी चालवता येईल का. पाहुणा म्हणून आलात तर तुमच्या भारतातल्या लायसन्सवर बारा महिने चालवता येते. कायद्याची ना नाही. पण पॉलिसीत तुमचं नाव घातलं तर किती वाढतील, हे मी त्या पोराला विचारलं. वय सांगितलं, धंदा "संत्र्याचा बागायतदार" सांगितला, नागपूरच्या मार्केटला संत्र्याचा ट्रक स्वतः नेत होते हेही अभिमानाने सांगितलं. आकडा असा आला की ट्रकचं सांगायला नको होतं असं वाटलं. तेव्हा वर्षभर नाही जमणार. पण थोड्या दिवसांचा विमा वेगळा मिळतो म्हणे, अगदी एका दिवसाचासुद्धा. अशा गाडीला देतात का, हे तो पोरगा सोमवारी विचारून सांगणार आहे. लायसन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो दादाला पाठवायला सांगा, नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे ना ते आधी बघा. आणि आईचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतो. पांढुर्ण्यात नाही झालं तर छिंदवाड्याला जा, पण दिवाळीच्या आत करून घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. स्टिकर लावला. आठ पाउंड वाढले.