टपासह विकणे आहे

अण्णांकडून गाडी विकत घेणं फार अवघड आहे, कारण ते खरं बोलतात.

जुनी गाडी विकणारा माणूस थोडंफार लपवतो, हे घेणाऱ्यालाही मान्य असतं. गंजावर रंग मारलेला असतो, खड्ड्यांत लांबी भरून पत्रा गुळगुळीत केलेला असतो, गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन गरम करून ठेवलेलं असतं. तो लपवतो, हा शोधतो, मग घासाघीस होते आणि दोघंही आपण दुसऱ्याला गंडवलं या समाधानात घरी जातात. व्यवहार असाच चालतो. अण्णा या व्यवहारात बसत नाहीत. ते सरकारी खात्यात लेखापरीक्षक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबांतल्या चुका काढल्या, आणि निवृत्तीनंतर चुका काढायला स्वतःची म्हणून एक गाडीच उरली. काकू उरल्या असत्या. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अण्णांनी घरखर्चाच्या वहीवर शेरे मारून ती परत दिली, तेव्हा काकूंनी वही ठेवणंच बंद केलं. त्यामुळे तपासायला कागद नाही.

गाडी म्हणजे १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यातली. आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि बिल्डरने प्रत्येकाला एकावर एक गाड्या चढवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमधला एकेक खण देऊ केला. अण्णा तो नकाशा बघून आले आणि म्हणाले, ‘‘तिला टांगायची नाही.’’ दुसऱ्या दिवशी जाहिरात लिहिली: ‘स्टँडर्ड हेराल्ड, उघडी, बरीचशी ओरिजिनल, मूळ टपासह विकणे आहे. दलाल नकोत.’

उघड्या गाडीला टप कुठून आला, हा प्रश्न ज्याला पडत नाही तो गिऱ्हाईक म्हणून बाद. ज्याला पडतो, त्याच्यासमोर अण्णा वही उघडतात.

ही वही आडवी, जाड, लाल कापडी बांधणीची. रकाने पाच: भाग, मूळ की बदली, तारीख, कारण, शेरा. पहिले चार निळ्या शाईत, शेरा हिरव्या. खालच्या मजल्यावर राहतो आणि रविवारी घरी असतो या दोन पात्रतांवर अण्णा मला साक्षीदार म्हणून बसवतात, म्हणून काही नोंदी मला पाठ झाल्या आहेत. ‘डायनामो. मूळ. वाइंडिंग १९८१. शेरा: याला मूळ म्हणावे काय, यावर निर्णय प्रलंबित.’ ‘डाव्या दाराचे हँडल. बदली. जुन्या बाजारात घेतले. शेरा: फियाटचे असावे. विक्रेता नाही म्हणाला, पण बोलताना दुसरीकडे पाहत होता.’ ‘चोकची मूठ. मूळ हरवली. सध्या प्रेशर कुकरच्या झाकणाची. शेरा: रंग जुळतो.’ ‘हॉर्न. मूळ. वाजतो. शेरा: केव्हा, ते सांगता येत नाही.’

वाचन संपल्यावर गाडीकडे जायचं. अण्णा दोन्ही बाजूंच्या कड्या सोडतात आणि हेराल्डचं अख्खं तोंड, मडगार्डं, दिवे, बोनेट सगळं एकसंध, पुढच्या बाजूला उलटून उभं राहतं. इंजिन आणि पुढची चाकं पार उघडी पडतात. मिस्त्री खुशाल टायरवर बसून टॅपेट लावू शकतो. ही सोय खरोखर सुंदर आहे आणि ती बघताना प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो. नेमक्या त्याच क्षणी अण्णा तेलाची पिचकारी बाहेर काढतात.

‘‘हे ट्रनियन,’’ पुढच्या चाकामागे खाली बोट दाखवत ते सांगतात. ‘‘याच्यात ग्रीस घालायचं नाही. गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. सगळे मिस्त्री ग्रीस मारतात. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, ट्रनियन धरतो, आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं.’’

‘‘म्हणजे निखळतं?’’

‘‘आडवं होतं,’’ अण्णा शांतपणे म्हणतात. ‘‘आता मागच्या चाकांकडे या.’’

मागे आडवा पाटा आणि झुलते अॅक्सल. वळणावर एकदम ब्रेक दाबला तर मागचं चाक गाडीखाली दुमडायला बघतं. हा इंग्लंडातल्या मूळ आराखड्याचाच दोष, अण्णांचा त्यात काही हात नाही. पण ते सांगतात अशा सुरात, की जबाबदारी त्यांनी स्वीकारली आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रबरी नळ्या किती वेळा बदलाव्या लागतात, खड्ड्यात डावं दार कसं आपोआप उघडतं, हेही येतं. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गल्लीत एका दमात गाडी पूर्ण वळवून दाखवायची. हेराल्ड पंचवीस फुटांत वळते. आमची गल्ली तेवढीच आहे. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असल्या तर नाही, हेही ते वळता वळता सांगतात.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, काय पारदर्शक मनुष्य आहे. मलाही बरेच दिवस वाटत होतं. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. गाडीचे दोष अण्णा स्वतः सांगतात तोवर ते प्रसन्न असतात. तोच दोष गिऱ्हाइकाने आधी बोलून दाखवला, तर त्यांचा चेहरा पडतो. एकाने आल्या आल्या सहज म्हटलं, ‘‘हँडल फियाटचं दिसतंय,’’ आणि अण्णांनी वही मिटली. ‘‘पान सातवर आहे ते,’’ ते दुखावून म्हणाले, ‘‘आपण अजून पान दोनवर आहोत.’’ त्यांचा खरेपणा सच्चाच आहे, त्यात खोट नाही. फक्त त्याचा मक्ता त्यांच्याकडे असावा लागतो.

मुंबईहून एक संग्राहक आले होते. जाणकार माणूस, खिशात लोहचुंबक. पत्र्यावरून ते फिरवत न्यायचं. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी. अण्णांनी अशा जागांवर आधीच खडूची वर्तुळं काढून ठेवली होती आणि प्रत्येकात तारीख घातली होती. संग्राहक चकित झाले. दोघांचं इतकं जमलं, की काकूंनी पोह्यांचं विचारलं. मग चुंबक डिकीच्या कोपऱ्यात, खडू नसलेल्या जागी घसरलं. अण्णांनी ते त्यांच्या हातून घेऊन पुन्हा फिरवलं. पुन्हा घसरलं. ही लांबी अण्णांच्या आधीच्या मालकाने भरलेली, म्हणजे पन्नास वर्षं अण्णांना चकवून राहिलेली. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यात पाहुण्यांनी बोनेटखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘इंग्लंडात सुरुवातीच्या उघड्या हेराल्डला दोन एसयू कार्ब्युरेटर असायचे. इथे एकच सोलेक्स आहे. म्हणजे ही मूळची सलून. टप काढलाय.’’

‘‘ते मी सांगणार होतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पान अकरा.’’

‘‘आणि हिला व्हिंटेज म्हणता येणार नाही. व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०.’’

‘‘जाहिरातीत व्हिंटेज लिहिलेलं नाही. दाखवा कुठे लिहिलंय.’’

पोहे तिघांनी मुकाट्याने खाल्ले.

हेराल्डचा टप निघतो, आणि तो निघण्यामागे एक कारखानदारी भांडण आहे. इंग्लंडात स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीच्या ताब्यात गेली. एकसंध बॉडी करून द्यायला कोणी मिळेना. म्हणून जुन्या पद्धतीने वेगळी चॅसिस घेतली आणि तिच्यावर निरनिराळे भाग बोल्टांनी आवळायचे ठरलं. रूप दिलं इटलीतल्या मिकेलोत्तीने. १९५९ साली गाडी तिकडे बाजारात आली, १९६१पासून मद्रासला बनू लागली. बोल्टांनी बसवलेला टप पान्याने निघतो आणि खालची चॅसिस भार सांभाळते, हे आपल्या लोकांना कळायला वेळ लागला नाही. आज इकडे दिसणाऱ्या कितीतरी उघड्या हेराल्ड अशा पान्यातून जन्मलेल्या आहेत. बहुतेकांचे मालक ती गोष्ट बोलत नाहीत आणि निघालेला टप भंगारात गेलेला असतो. अण्णांचा टप गच्चीवर आहे. चार विटांवर, पालथा न घालता, सरळ. त्याखाली काकूंचे सांडगे वाळतात, आणि पावसाळ्यात मांजर वितं.

तो काढला कधी, हे पान अकरावर आहे. ‘टप. मूळ. काढला. १९७४. कारण: तोंडी आदेश.’ शेऱ्याचा रकाना कोरा. अख्ख्या वहीत एवढा एकच.

तपशील काकूंकडून कळला. अण्णांच्या लग्नात मित्रांनी वरातीसाठी संध्याकाळच्या संध्याकाळी टप उतरवला. दुसऱ्या दिवशी परत बसवायचा होता. काकू म्हणाल्या, ‘‘राहू द्या की दोन दिवस.’’ लेखी काहीच नाही. पुढे जीपची हुडं शिवणाऱ्याकडून एक कापडी हूड शिवून घेतलं गेलं, आणि दोन दिवस अजून संपायचे आहेत. म्हणूनच, लग्नाच्या वराती आणि प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी गाडी भाड्याने देणारा एक तरुण आला आणि अण्णा त्याला, ‘‘वरातीसाठी उघडी गाडी हा निव्वळ पोरकटपणा आहे,’’ असं ऐकवू लागले, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू ट्रे टेकवून आत निघून गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. तरुणाला वाटलं, टीव्ही.

सरकारने २०२१मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम काढले, तेव्हा अण्णांनी ते दोनदा वाचले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, पहिल्या नोंदणीला वीस हजार, पुढे नूतनीकरणाला पाच. लोक म्हणाले, करून टाका, किंमत वाढेल. अण्णांनी हिशेब मांडला. टप लावला तर बॉडी मूळ राहते आणि गाडी नियमात बसते, पण मग ती उघडी नाही. टप काढलेला ठेवला तर उघडी आहे, पण मूळ नाही. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच परवानगी. ‘‘म्हणजे मंडईतून दुधी आणला तर गुन्हा,’’ अण्णा म्हणाले, आणि अर्ज केला नाही.

किमतीचं बोलायचं तर, अण्णा ती सांगत नाहीत, काढतात. बाणेरचा एक आयटीवाला आला होता. भला मुलगा. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून हेराल्डमधून फिरलेला, डोळे भरून आलेले. अण्णांनी त्याच्यासमोर कागदावर वाजवी बाजारभाव मांडला आणि वजावटी सुरू केल्या. लांबी वजा. हँडल वजा. कुकरची मूठ वजा. डायनामो प्रलंबित असल्याने निम्मा वजा. असं करत करत आकडा भंगारवाला देईल त्याच्याही खाली गेला. मुलगा गोंधळला, पण ‘‘चालेल काका, मला मान्य आहे,’’ म्हणाला.

‘‘मान्य आहे?’’ अण्णा ताडकन उभे राहिले. ‘‘एवढी गाडी या भावात न्यायला तुम्हाला काहीच वाटत नाही?’’

तो बिचारा नंतर मला जिन्यात विचारत होता, काकांना नक्की काय हवं होतं. मी त्याला चुंबकाची गोष्ट सांगितली.

मग एका रविवारी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. धोतर नाही, टोपी नाही, साधा पांढरा शर्ट, पायात वहाणा. त्यांनी वही मागून घेतली आणि सगळी वाचली, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. दोन ठिकाणी तारखा ताडून पाहिल्या. गाडीला हात न लावता एक फेरी मारली. अण्णा दोष सांगत गेले आणि ते प्रत्येक वेळी ‘‘बरोबर’’ म्हणत गेले. एकही दोष त्यांनी आधी बोलून दाखवला नाही. अण्णांचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता.

‘‘गाडी बेस हाय,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘पण गाडी हाय आमच्याकडं. हीच. सदुसष्टची. आमच्या वडिलांनी तिचा टप काढला आनि गोठ्यात उलटा ठेवला, म्हशींच्या पाण्याला. सडला की वो. आता मला ती पहिल्यासारखी करायचीय.’’ थांबून त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं. ‘‘तुमचा टप तेवढा देतासा का?’’

अण्णांनी ‘‘विचार करून सांगतो’’ म्हटलं नाही. सरळ गच्चीवर घेऊन गेले. सांडगे हलवले, मांजर हलवलं. मागच्या काचेच्या कडेला कुठे गंज आहे, आतल्या कापडाला कुठे डाग आहे ते सांगितलं. वजावटी केल्या नाहीत. समोरच्याने आकडा सांगितला, यांनी मान हलवली. मग आतून हॉर्लिक्सचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात टपाचे बोल्ट, तेलात बुडवलेले. ‘‘एक कमी आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मागच्या डाव्या बाजूचा. १९७४पासून.’’

‘‘आमच्याकडं त्योच एक ऱ्हायलाय बगा,’’ पाहुणे म्हणाले.

संध्याकाळी छोटा हत्ती आला. टप खाली उतरवताना जिन्याच्या वळणावर अडकला. सोसायटीचे सगळे बाप्ये सूचना देत होते आणि काकू घासू नये म्हणून जुन्या गोधड्या कोंबत होत्या. रात्री अण्णांनी पान अकरा उघडून शेऱ्याचा रकाना भरला. मी डोकावलो. हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘तासगाव येथे सुस्थितीत. पत्ता मागील पानावर.’

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अण्णा तासगावला फोन लावतात. टप नीट बसला का, पावसात गळतो का, ट्रनियनमध्ये कोणी ग्रीस तर मारलं नाही ना. बागायतदार दर वेळी ‘‘न्हाई वो’’ म्हणतात, आणि मग दोघं अर्धा तास हवामानावर बोलतात.

गाडीची जाहिरात चालूच आहे. ‘मूळ टपासह’ हे शब्द खोटे होतील म्हणून काढले; पण टप न बघता गाडी घेणं म्हणजे अर्धा कागद वाचून सही करणं, असं अण्णांचं म्हणणं पडलं. त्यामुळे नियम थोडा बदलला आहे. परवा नाशिकहून एक जण आला. त्याने गाडीवरचं कापड दूर करायला हात पुढे केला, तोच अण्णांनी विचारलं, ‘‘तासगावला जाऊन आलात?’’

‘‘नाही. तासगावला कशाला?’’

‘‘मग आधी टप बघून या,’’ अण्णा कापडाचं टोक पुन्हा नीट खोचत म्हणाले. ‘‘गाडी कुठे जात नाही.’’