सातबाऱ्यावर माझं नाव

रात्री दीड वाजता, गंगापूर रोडवरच्या घरी बसून मी ओपन सोर्समधलं माझं पहिलं योगदान दिलं. एका पायथन प्रकल्पात तारीख छापताना दिवस आणि महिना उलटे पडत होते. तीन ओळी सुधारल्या, पाठवल्या, झोपलो.

सकाळी बघतो तर बदललेल्या ओळी १,४१२!

फाइल सेव्ह करताना माझ्या एडिटरनं न सांगता दिवाळीची साफसफाई काढली होती. टॅबच्या जागी स्पेस, एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी, लांब ओळींचे तुकडे. प्रकल्प सांभाळणारे गृहस्थही झोपेतच असावेत, कारण त्यांनी ते सगळं मर्ज केलं.

गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची कमांड आहे. कुठली ओळ कुणाची ते ती सांगते. कोडचा सातबाराच म्हणा ना. वीसेक जणांनी वर्षानुवर्षं कसलेल्या फाइलवर एका रात्रीत माझं एकट्याचं नाव लागलं. कुठं काही बिघडलं की मेल मला. त्यातल्या काही चुका झाल्या तेव्हा मी सीईटीच्या क्लासला सायकल मारत होतो.

दिंडोरीहून तात्या आले होते. त्यांना सांगितलं, पायथनमध्ये ओळ किती आत सरकली यावर अर्थ ठरतो.

“म्हणजे बांधच की,” तात्या सरसावून बसले. त्यांचा शेजारी दर नांगरटीला बांध वीतभर कोरतो.

हा बांध केवढा असावा यावर जगभर भाऊबंदकी आहे. पायथनचा २००१ सालचा ‘पेप ८’ चार स्पेस सांगतो. लिनक्स कर्नेलमध्ये टॅब आठ अक्षरांचा. तीन पायऱ्यांहून आत जावं लागलं तर तुमचा प्रोग्रॅमच गंडलाय, असं तिथं बजावलंय. त्याच नियमावलीत लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचा सल्ला आहे, की ग्नू प्रकल्पाचे कोड लिहिण्याचे नियम छापून घ्या, वाचू नका, जाळा. आमच्याकडे होळीला गोवऱ्या तरी लागतात.

शेवटी आमच्या प्रकल्पात ‘ब्लॅक’ आलं. २०१८ साली निघालेलं हे साधन ओळ ८८ अक्षरांची धरतं आणि तुमची आवडनिवड जवळपास विचारतच नाही. सगळेच सारखे नाराज झाले, त्यामुळे भांडण मिटलं.

माझं नावही उतरलं. ठरावीक बदल ब्लेममध्ये धरू नयेत, अशी सोय गिटनं २०१९ पासून दिलीय. माझा तो फेरफार त्या यादीत गेला. पण माझ्या तीन ओळीही त्यातच होत्या! आता ब्लेम काढलं की त्यांच्यावर दिवस-महिना उलटे लिहिणाऱ्या मूळ मालकाचं नाव दिसतं.

तात्यांचा जीव मात्र ब्लॅकमध्ये अडकला होता.

“मोजणीचे किती घेतले रे त्यानं?”

“काही नाही तात्या. फुकट असतं ते.”

“फुकट मोजणी?” तात्यांनी चष्मा काढला. “मग खुणा एकदा परत तपासून घे.”