छप्पन्न अंशांचा सौदा

गोल्फच्या पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवायचे नाहीत, हा नियम अमेरिकेत १९३८ साली आला. त्याआधी मोठे खेळाडू वीस-वीस, पंचवीस-पंचवीस क्लब घेऊन फिरत, आणि ते ओझं वाहणाऱ्या कॅडीच्या पाठीची चौकशी करायला कुणाला फुरसत नसे. माझ्या पिशवीत सात आहेत. आठवा घ्यायचं मनात आल्यापासून घरात जो खल चालला आहे तो पाहता, चौदा पुरे करणाऱ्यांचे संसार कसे टिकतात याचं मला नवल वाटतं.

आठवा म्हणजे वेज. चेंडू ग्रीनच्या जवळ आलाय, तीस-चाळीस यार्ड उरलेत, मध्ये वाळूचा खड्डा आ वासून बसलाय. अशा वेळी चेंडू उंच उडवून पलीकडे अलगद ठेवायचा असतो. त्यासाठी तोंड आभाळाकडे कललेला क्लब लागतो, सुमारे छप्पन्न अंशांचा. हे सगळं मी पाण्याचा पेला आणि मिठाची डबी मांडून समजावलं, तर आमची ही म्हणाली, "अहो, इतकं जवळ आलंय तर हातानंच टाका की!"

गोल्फच्या नियमांत याला उत्तर आहे. जेवणाच्या टेबलावर नाही.

नवा वेज घेण्याइतका माझा खेळ नाही, म्हणून वापरलेला. आणि वापरलेल्या वेजच्या बाजारात शिरलं की एक उलटा न्याय दिसतो. चांगल्या खेळाडूचा क्लब घेऊ नये. त्याचा प्रत्येक फटका तोंडाच्या मधोमध बसलेला असतो, त्यामुळे तिथे नाण्याएवढा गुळगुळीत डाग पडतो आणि चेंडूला फिरकी देणाऱ्या खाचा नेमक्या तिथेच झिजतात. वाईट खेळाडूचा वेज मात्र मधोमध अगदी कोरा. ओरखडे असले तर टोकाला, नाहीतर दांडीच्या बुडाशी. साठ अंशांच्या लॉब वेजची तर गोष्टच वेगळी. टीव्हीवर एखाद्याला चेंडू सरळ वर उडवून जागच्या जागी थांबवताना पाहून लोक तो घेतात, दोन-चार वेळा चेंडू स्वतःच्याच कपाळाकडे येतो, मग तो कपाटाच्या मागे जातो आणि पुढे जाहिरातीत "अगदी नव्यासारखा" म्हणून अवतरतो. कपडे वाळत घालून सुस्थितीत राहिलेल्या ट्रेडमिलसारखाच.

मी दादरा-नगर हवेलीतल्या गलोंड्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, त्यामुळे हातात व्हर्निअर असला की मला माणसांपेक्षा मापांचा भरवसा जास्त वाटतो. खाचेची खोली ०.५०८ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि रुंदी ०.९ मिलिमीटरच्या आत, असा गोल्फचा नियम आहे. वापीच्या एका हॉटेलबाहेर गाडीच्या बॉनेटवर मी वेज आडवा टाकला आणि मापं घेऊ लागलो, तेव्हा विकणारा तरुण आधी हसला, मग गप्प झाला, आणि शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही खेळणार आहात ना?"

माझ्यासमोर तीन उमेदवार होते. वापीतला टायटलिस्टचा व्होकी एसएम ८. पुण्यातल्या एका ओळखीच्याकडचा क्लीव्हलँड ५८८. आणि नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांकडचा पिंग आय टू.

त्यातला पिंग म्हणजे इतिहासपुरुष. जनरल इलेक्ट्रिकमधल्या कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरची ही कंपनी. या क्लबच्या चौकोनी खाचांवरून ऐंशीच्या दशकात एवढं रान पेटलं की प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड झाली आणि १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेल्या आय टूला अभय मिळालं. पुढे २०१० साली व्यावसायिक स्पर्धांसाठी खाचांचे नियम आणखी कडक झाले, कडा बोथट करायला लावल्या, तेव्हा फिल मिकलसननं शांतपणे तो वीस वर्षांपूर्वीचा जुना पिंग बाहेर काढला. कायद्यानं बरोबर. सहखेळाडू खवळले, एकानं तर हे सरळ फसवणुकीत काढलं, आणि दोनेक महिन्यांत कंपनीनंच ती सवलत सोडून दिली. जगातला एक अव्वल गोल्फर नवीन क्लब फुकट मिळत असताना मुद्दाम जुना वापरतो, या एका घटनेवर नाशिकच्या गृहस्थांनी आपल्या क्लबची किंमत बेतली होती. पण त्यांच्या क्लबवर हिरवा ठिपका निघाला. पिंगवाले दांडीचा कोन रंगीत ठिपक्यानं दाखवतात; काळा म्हणजे सर्वसाधारण, हिरवा म्हणजे दांडी जास्त उभी. ती सहसा उंच माणसाला लागते. मी पाच फूट चार इंच. इतिहास मोठा असला तरी माझ्या मापाचा नव्हता.

क्लीव्हलँड ५८८ हा १९८८ सालचा नमुना, दिसायला देखणा, आणि नंतरच्या कित्येक वेजांनी त्याचाच चेहरा घेतलाय. पुण्यातला तो नग मात्र एका फार चांगल्या माणसानं खेळवलेला होता. मधोमध नाणं. संपला विषय.

राहिला व्होकी. त्याचा पत्रा कच्चा, म्हणजे वर मुलामा नसलेला. हवेनं तो गंजतो, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. उन्हात तोंड चमकू नये म्हणून. गंजामुळे चेंडू जास्त पकडला जातो अशीही एक श्रद्धा आहे. आमच्या कारखान्यात गंजलेला माल आला तर मी तो शेरा मारून परत पाठवतो. इथे वापीचा तो विकणारा मुलगा गंजाचेच हजार रुपये वेगळे सांगत होता.

घासाघीस झालीच. तशी ती या मुलखाच्या हाडात आहे. मराठ्यांच्या आरमारानं पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईपोटी, १७७९ च्या तहातल्या बारा हजार रुपये महसुलाच्या हिशोबानं, पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांना लावून दिली. जहाजाची झीज कुणी मोजली होती की नाही, कोण जाणे. ती गावं सोडवायला मात्र १९५४ साल उजाडलं.

पण खरा पेच किमतीचा नव्हता, बाऊन्सचा होता. १९३२ च्या सुमारास जीन सॅराझेन हा गोल्फर विमानात बसला असताना त्यानं पंखाची झडप खाली झुकताना पाहिली म्हणे, आणि घरी येऊन क्लबच्या तळाला डाख लावून शिसं चढवलं. तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आली. आता क्लब वाळूत रुतेना, घसरून वर येऊ लागला. त्याच वर्षी त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. पंचांच्या नजरेला पडू नये म्हणून तो क्लब पिशवीत उलटा ठेवायचा, असं तो पुढे रंगवून सांगे. तळाच्या या उताराला बाऊन्स म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. जमीन मऊ असेल तर बारा-चौदा, कडक असेल तर आठ किंवा त्याहून कमी. मुलाकडे छप्पन्न अंशांचे दोन व्होकी होते, एक चौदाचा, एक आठचा.

गलोंड्यात गोल्फ कोर्स नाही. माझा सराव क्वार्टर्समागच्या एका वारली शेतकऱ्याच्या खाचरात चालतो, त्याच्याच परवानगीनं. ते खाचर आषाढात गुडघाभर चिखल असतं आणि फाल्गुनात भेगाळून विटेसारखं कडक होतं. एकाच जमिनीला दोन टोकांचे बाऊन्स. मी दोन्ही क्लब एका दिवसापुरते मागून आणले आणि खाचराच्या मालकाला बांधावर बसवून सगळा प्रश्न सांगितला. त्यानं दोन्हींचे तळ अंगठ्यानं चाचपले, आठ अंशांचा हातात तोलला, कच्च्या पत्र्यावरच्या गंजाकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि तेल लावायला सांगितलं.

मग म्हणाला, "साहेब, चिखलाचं कशाला बघता? चिखल असतो तेव्हा माझा भात असतो."

इंटरनेटवर मी जेवढं वाचलं होतं, त्यात हा मुद्दा कुणी मांडला नव्हता.

तसा मापांवाचूनही गोल्फ खेळता येतो. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ चा. तिथल्या कॅडींच्या वस्तीतली पोरं गल्लीबोळात गोल्फ खेळत आली आहेत, बांधकामाची सळई वाकवून आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन. त्या सळईला बाऊन्स नाही, खाचा नाहीत, मॉडेल नंबर नाही. तरी ती पोरं पत्र्याच्या छपरावरून चेंडू काढतात आणि पलीकडच्या अंगणात हव्या त्या जागी टाकतात. ते पाहिलं की व्हर्निअर खिशात ठेवावंसं वाटतं. ठेवत नाही, ही गोष्ट वेगळी. सळई वाकवायलाही हात लागतो, आणि माझा हात एकवीस वर्षं दुसऱ्यांनी वाकवलेल्या वस्तू मोजण्यात गेलेला आहे.

आठ अंशांचा घेतला. मुलानं साठचा लॉब वेज पाचशे रुपयांत गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "एकदम नव्यासारखा आहे, काका," असं म्हणाला, आणि ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

संध्याकाळी खाचरात पहिला फटका मारला. कमी बाऊन्सचा क्लब कडक जमिनीवर चांगला चालतो, पण मारणाऱ्याचा कोन चुकला तर खणतोही. पायाच्या पंजाएवढं ढेकूळ उडालं आणि चेंडूच्याही पुढे जाऊन पडलं. मालक कोपऱ्यात राबासाठी पालापाचोळा आणि शेण पसरत होता. त्यानं ढेकळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राब भाजून झाला की पहिल्या पावसापर्यंत खाचर तुमचंच," तो म्हणाला. "नांगरट होतेय तेवढीच. फक्त बांधाजवळ मारू नका."