आधी कोणी खोलली होती?

मोटारसायकलचा उस्ताद तुम्हालाही कुठेतरी भेटलेला आहेच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प ३ पासून बदलापूरच्या कुळगावापर्यंत असे उस्ताद पूर्वी पैशाला पासरी होते. पत्र्याची शेड, ऑईल पिऊन काळी पडलेली जमीन, हनुमानाच्या तसबिरीशेजारी टायरवाल्याचं कॅलेंडर आणि दहाचा पाना मागितला की हमखास बाराचा आणून देणारा पोऱ्या. आमचा उस्ताद अंबरनाथचा, पूर्वेचा.

गाडी कुठलीही न्या. राजदूत, जावा, येझदी, आरएक्स १००. काय बिघडलंय हे तो विचारायचाच नाही. टाकीवर हात ठेवायचा आणि मुलगी बघायला आलेल्या मामाच्या सुरात चौकशी करायचा, "आधी कोणी खोलली होती?"

काहीही सांगा, त्याचा चेहरा पडायचाच. विठ्ठलवाडीच्या मेकॅनिकनं म्हटलं, की "म्हणूनच." उल्हासनगर म्हटलं, की पोऱ्याकडे बघून नुसताच हसायचा. शोरूमवाल्यांनी खोलली म्हणालात, तर पाना खाली ठेवून चहा मागवायचा. केस गंभीर आहे, असा त्याचा अर्थ.

आता अंबरनाथमध्ये या प्रश्नाला आधार होता, हे कबूल करायला हवं. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, असे दोन सरकारी कारखाने गावात. ज्याला त्याला फिटर नाहीतर टर्नर शेजारी. आठवडाभर कारखान्यात मायक्रोमीटर धरणारा माणूस रविवारी अंगणात पेपर पसरून स्वतःच्या बुलेटचा कार्बोरेटर उघडणारच. संध्याकाळी तीच बुलेट ढकलत उस्तादकडे, आणि उरलेले दोन स्क्रू रुमालात.

"आधी कोणी खोलली होती?"

"मीच."

त्या क्षणी उस्तादच्या तोंडावर जे समाधान पसरायचं, ते त्याला बिलाचे पैसे घेतानाही होत नसे.

पुढे पुढे हा प्रश्न गाड्यांपुरता राहिला नाही. शेजारच्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, हा हॉस्पिटलात भेटायला गेला आणि काकूंना म्हणाला, "आधी कोणी खोलला होता?" महाशिवरात्रीच्या जत्रेत शिवमंदिरापुढे उभा राहिला. मंदिर शिलाहारांचं, १०६० सालचं. भिंतीभर कोरीवकाम, पण शिखर अपुरं. लोक हात जोडत होते. हा मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वरचं कोणी खोललं होतं? परत बसवलंच नाही."

पण हात त्याचेच. जुन्या बुलेटला पोरं लाथा मारून घामाघूम व्हायची. हा किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डावा हात डीकॉम्प्रेसरवर, किक आणखी जराशी खाली, हात सोडायचा आणि एकच किक. धड-धड-धड. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीला. तीसुद्धा त्याच्यासमोर निमूट वागायची. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहात नसत. हॉस्पिटलातले ते काका त्याच्या लेखी शेवटपर्यंत 'निळी राजदूत'च होते.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. पाणी ओसरल्यावर टेम्पोत घातलेल्या गाड्यांची उस्तादच्या दारात रांग लागली. सायलेन्सरमधून चिखल येत होता, इंजिनातलं ऑईल दुधाळ झालेलं. प्लग काढ, ऑईल ओत, टाकी उलटी कर, कार्बोरेटर धू, असं त्याचं रात्री उशिरापर्यंत चालायचं. ऑईलचे पैसे घेतले, मजुरी पुढच्या महिन्यावर ढकलली. आणि एकालाही तो प्रश्न विचारला नाही. पुढच्या महिन्यात एक जण आला, तेव्हा मात्र विचारलाच.

"पुरानंतर कोणी खोलली होती?"

"तुम्हीच की हो."

"तरीच चालतेय."

१९९६ मध्ये म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला, आरएक्स १००ही त्याच साली थांबली. २०१८ मध्ये जावा नव्या अवतारात आली, तेव्हा कोणीतरी कौतुकानं त्याला दाखवायला आणली. उस्तादनं सवयीनं विचारलं. "कोणीच नाही, कोरी आहे," असं उत्तर आल्यावर बिचारा गप्पच झाला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण-नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. बिघाड आता स्कॅनर सांगतो. आपण एसीत बसायचं, काचेपलीकडे आपली गाडी कोण उघडतंय ते दिसत नाही. बिलावर मात्र धडधाकट वस्तूही बदललेल्या असतात, आणि आपण त्याच्याखाली सही करून वर पाच तारेही देतो. कोणी खोलली होती, हे विचारायची आपली हिंमत नाही, उस्तादची होती.

तुमच्या जिन्याखाली वडिलांची येझदी गोणपाटाखाली पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा अंबरनाथला आणा. उस्ताद अजून बसतो. सकाळी ११ ते १. सोमवारी बंद.