पहिले दोन दिवस रिकामे ठेवा

सुट्टी म्हणजे यादी, हे कुणी ठरवलं? हॉटेलात बॅगा टाकल्या की लगेच टॅक्सी. तीन दिवसांत दहा ठिकाणं. परतल्यावर लक्षात काय राहतं? टॅक्सीवाल्याची मान.

आम्ही दोघं दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरात गेलो ते पहिले दोन दिवस मोकळे ठेवून. हट्ट बायकोचा होता. तिचंच बरोबर निघालं.

वाहाका. स्पेलिंगमध्ये एक्स, उच्चारात ह. ज्या गावात राहायचं त्याचं नाव तरी धड घ्यावं की नाही? नाव पडलंय ग्वाहेच्या झाडांवरून आणि ग्वाहे निघालं आपल्या सुबाभळीच्या कुळातलं. तिथे त्याच्या शेंगांतल्या बिया माणसं आवडीने खातात. आपण सुबाभूळ शेळ्यांपुढे टाकतो.

घड्याळ साडेअकरा तास मागे. तिथे सकाळचे आठ, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात. भूक मध्यरात्री लागते, झोप भर दुपारी येते. त्यात शहर दीड हजार मीटरवर, महाबळेश्वरहून उंच. अशा अवस्थेत पहिल्याच दुपारी मोन्ते आल्बानला पळायचं कशाला? सापोतेक लोकांनी डोंगरमाथा सपाट करून ते नगर वसवलं इ.स.पूर्व 500 च्या सुमाराला.

परवापर्यंत ते तिथेच असतं.

मग दोन दिवस करायचं काय? बाजारात जायचं. 20 नोव्हेंबरच्या नावाचा मंडईसारखा बाजार आहे, 1910 च्या क्रांतीची ती तारीख. त्यात एक बोळ नुसत्या धुराचा. कच्चं मांस निवडायचं, समोरच कोळशावर भाजून मिळतं. शेजारी टोपल्यांत मीठ, लिंबू, लसूण लावलेले तळलेले नाकतोडे. नाक मुरडणाऱ्यांनी कोकणातले सोडे आठवावेत.

शाकाहारी आहात? मग ‘सिन कार्ने’ एवढं पाठ करून भागत नाही. सिन म्हणजे विना, कार्ने म्हणजे मांस खरं, पण कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. आणि त्लायुदा, म्हणजे ती परातीएवढी मक्याची कुरकुरीत भाकरी, तिला आधी डुकराची चरबी फासतात. तिचं नाव आसिएन्तो. ‘सिन आसिएन्तो’ हेही म्हणायचं, आणि ऑर्डर देतानाच. वर धाग्याधाग्याचं केसियो चीज, घेवड्याचा लगदा, कोबी. पोट भरतं. जीवही.

आणि मोले, म्हणजे तिथला दाट मसालेदार रस्सा! काळ्या मोलेत मिरच्या करपेपर्यंत भाजतात, मग तीळ, दालचिनी, लवंग, मिरी, चॉकलेट. पहिला घास घेतला आणि बायको म्हणाली, “हे तर आपलं काळं वाटण.” तिची जीभ चुकली नव्हती. दालचिनी, लवंग, मिरी आशियातून गेली. 1565 ते 1815 मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश गलबतं जात, त्यांत मसालेही असत. मिरची उलट दिशेने, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली.

ठेच्यातली मिरची, चुलीवर भाजलेलं कणीस, घोलवडचा चिकू. गावरान म्हणून ज्यांचा अभिमान धरतो, त्यांचं मूळ गाव हा मुलूख. ते पाहायला दहा हजार मैलांवर यायचं आणि बाजार सोडून चर्चसमोर सेल्फी काढायचे?

सान्तो दोमिंगोचं चर्च सुंदरच आहे. आतला सोन्याचा मुलामा डोळ्यांत मावत नाही. पण तेही संध्याकाळी, पाय थकलेले नसताना.

खरं जेवण तिथे दुपारी दोन ते चार. सूप, भात, एखादी भाजी नाहीतर मांस, आणि चिंचेचं गार सरबत. पहिल्या दिवशी आम्ही बाराला जाऊन बसलो. चूल पेटायची होती. दुसऱ्या दिवशी अडीचला गेलो, तर बसायला जागा नाही.

जेवून उठलेला अनोळखी माणूस शेजारच्या टेबलाकडे पाहून ‘प्रोवेचो’ म्हणतो. म्हणजे, अन्न अंगी लागो. पहिल्या दिवशी चौघांनी आम्हाला तसं म्हटलं, आम्ही नुसते बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी उठताना बायको थांबली, शेजारच्या आजीबाईंकडे वळली आणि म्हणाली, “प्रोवेचो.”

आजीबाईंनी भरल्या तोंडाने हात वर केला.