फुकट विरुद्ध फुकट

लिनक्सवाले गेली तीस वर्षं घसा कोरडा करून सांगताहेत, आमचं फुकट आहे! अहो, पण कोपऱ्यावरचा पोरगा जिथे तीन-चारशे रुपयांत विंडोजही ‘मारून’ देतो, तिथे तुमच्या फुकटाचं कौतुक कोणाला? ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट ओळ कित्येक घरांच्या स्क्रीनवर नंदादीपासारखी अखंड तेवत असते. क्रॅक टाकताना तो पोरगा आधी अँटिव्हायरस बंद करतो आणि त्याच मशीनवर आपण संध्याकाळी नेटबँकिंग करतो. धन्य!

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज 11 हवं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. म्हणजे 2016चा लॅपटॉप, जो आजही यूट्यूबवर कीर्तन बिनतक्रार ऐकवतो, तो यादीतून बाद. ज्यांचा पात्र ठरला त्यांनी आधी मायक्रोसॉफ्टचं खातं काढावं, मग स्टार्ट मेन्यूतल्या न मागितलेल्या शिफारशी वाचाव्यात.

अशा बाद लॅपटॉपवर लिनक्स मिंट मजेत चालतं. रॅम 4 जीबी असली तरी भागतं. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं आहे. मेन्यूही डावीकडे खालीच, जिथे काकांचा माउस सवयीनं जातो.

पण म्हणून लिनक्सभक्तांनी लगेच उड्या मारू नयेत. हिशेबाचं टॅली प्राइम विंडोजसाठी बनतं, मराठी टायपिंगची श्रीलिपीही. त्यावर तुम्ही सुचवणार विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’! मार्चअखेरीस हिशेब लिहिणाऱ्याला वाइन सुचवणं बरं नव्हे. आणि काही अडलं की तुमचं उत्तर म्हणजे ‘सुडो’नं सुरू होणारी कमांड. कोपऱ्यावरचा पोरगा तर लांबूनच हात जोडतो, “काका, लिनक्स आपण नाही करत.” लिनक्सची खरी किंमत ही आहे, आणि ती तुमच्या जाहिरातीत कुठेच नसते.

तेव्हा ज्यांचं पोट टॅलीवर आहे, त्यांनी विंडोज रीतसर विकत घ्यावं. ज्यांचं काम मेल, बातम्या आणि वीजबिलापलीकडे जात नाही, त्यांनी लॅपटॉप भंगारात घालण्याआधी पेन ड्राइव्हवर मिंट घेऊन त्यावरूनच मशीन सुरू करून पाहावं. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते कळतं. फक्त त्या पेन ड्राइव्हवर कोणाच्या लग्नाचे फोटो असतील तर ते आधी दुसरीकडे काढून ठेवा. मिंट टाकताना तो पुसला जातो.